नकटीच्या हातचे शिंपले

फेब्रुवारीचा, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्याचा, पहिला शनिवार आला, की किनाऱ्यावरच्या लोस लोरोस गावच्या चढावर दोन गाड्या धापा टाकत यायच्या. एक चियानहून, रिगोबेर्तोची. दुसरी सांतियागोहून, एदेल्मिराची. जावई-सुना, पोरंटोरं धरून चौदा माणसं उतरायची आणि पंधरा दिवस समुद्रावर लोळायची. त्या चौदा जणांना जेवू घालायला घरात एकटी एर्मिंदा होती.

तिघा भावंडांत एर्मिंदा थोरली. बाप पाण्यात बुडी मारून शिंपले काढायचा. एकदा बुडाला तो वर आलाच नाही. दोन वर्षांनी आईही गेली. तेव्हा एर्मिंदा एकोणीस वर्षांची होती, रिगो अकरा आणि एदेल्मिरा सहा. किनाऱ्यावरच्या शेडमध्ये बायका उकडलेले खेकडे सोलून मांस काढायचं काम करत. एर्मिंदा तिथे चिकटली ती सव्वीस वर्षं. त्या पैशांवर रिगो शिकला, त्याने चियानला टायरचं दुकान टाकलं. एदेल्मिरा राजधानीत, सांतियागोला गेली आणि एका दातांच्या दवाखान्यात टेबलाशी बसू लागली. एर्मिंदाचं लग्न करायचं राहून गेलं. का राहिलं, हे कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

तिची मिजास होती ती नाकाची. होड्या लागल्या की गावातल्या बायका मासा आधी तिच्या दारात आणायच्या. ती उंबऱ्यातूनच सांगायची, "हा आजचा. तो काल संध्याकाळचा, तुला टोपी घातली त्याने." कधी चुकली नाही. स्वयंपाक म्हणाल तर अगदी साधा. मोठ्या पातेल्यात कांदा नरम होईस्तोवर परतायचा, लसूण, धुरावलेल्या लाल मिरचीची पूड, बटाट्याच्या जाड फोडी, माशाच्या डोक्याचं उकळून गाळलेलं पाणी, आणि अगदी शेवटी कोंग्रियो माशाचे तुकडे. त्या रश्श्याला तिकडे काल्दियो म्हणतात. घरोघरी होतो, पण तिच्या हातचा खाल्ला की माणूस ताटली पावाने पुसून घ्यायचा. काळ्या शिंपल्यांना तर तिच्या मते दोनच गोष्टी लागत, झाकण आणि धीर. कवचं उघडली म्हणून घाईने उतरवायचे नाहीत. आतलं मांस आक्रसून कडेने सुटलं, की मग.

हाताला अशी चव आणि जिभेला सुरी. रिगोची बायको मारिलूस नवी नवी आली तेव्हा हौसेने रस्सा करायला गेली. एर्मिंदाने चमचा तोंडाला लावला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "छान झालाय. पाय धुवायला घेऊ या." त्यानंतर मारिलूसने त्या चुलीकडे कधी पाहिलं नाही.

आणि एदेल्मिरा अकरा वर्षांची असतानाची गोष्ट तर सगळ्या घराला पाठ होती. पाहुणे होते. एदेल्मिराने शिंपले धुतले होते आणि त्यांत वाळू राहिली होती. एर्मिंदाने वाळूचेच शिंपले शोधून तिच्या ताटलीत वाढले, तिला सगळ्यांपुढे उभं केलं आणि म्हणाली, "चाव. आवाज येऊ दे सगळ्यांना." पोर रडत रडत चावत राहिली. दातांखाली कचकच वाजत होती आणि पाहुणे हसत होते. एर्मिंदाला वाटलं, आपण शिकवलं. एदेल्मिराला काय वाटलं ते पुढे पस्तीस वर्षं तिच्या पोटात राहिलं.

एर्मिंदाला अठ्ठावन्नावं लागलं त्या वर्षी मे महिन्यात मोठं वादळ झालं. वादळानंतर खडकांवर समुद्राने टाकलेलं शेवाळ गोळा करायला गाव उतरतं, तशी तीही गेली. पाय सरकला आणि डोक्याची मागची बाजू खडकावर आपटली. रक्त फारसं आलं नाही. तीन दिवस झोपून राहिली, चौथ्या दिवशी उठून तिने दूध तापवायला ठेवलं.

तेवढ्यात नेमेसियो मामा काठी टेकत आला. आईचा हा धाकटा भाऊ. आयुष्यभर जाळी विणली, आता गुडघे गेले होते आणि मूत्रपिंडंही कुरकुरत होती. चढावर तीन घरं वर तो आणि उबेर्लिंदा मामी राहायचे. मामाला मूलबाळ नव्हतं, एर्मिंदाच त्याची पोर.

"पोरी, दूध करपलंय," मामा दारातूनच म्हणाला.

"दिसतंय मला."

"आता दिसतंय. घरभर वास सुटलाय, इतका वेळ काय करत होतीस?"

एर्मिंदाने पातेल्यात नाक घातलं. मग कोथिंबिरीची जुडी उचलून नाकाशी चुरगळली. मग चुलीमागचा घासलेटाचा डबा उघडला. मामा बघत उभा होता. ती खाली बसली आणि म्हणाली, "मामा, काहीच येत नाही. कागद हुंगल्यासारखं वाटतंय."

येईल परत, येईल परत, म्हणता म्हणता सप्टेंबर आला. वास काही आला नाही. जिभेला खारट, आंबट, कडू, तिखट एवढं कळायचं, बाकी सगळा भुसा. एर्मिंदाने मामाला संत पेद्रोच्या तसबिरीवर हात ठेवायला लावून शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. मामीलाही नाही.

मग मामा तिचं नाक झाला. रोज सकाळी यायचा, ती ताटलीत मासा पुढे करायची. तो डोळे मिटून, पाद्र्याने प्रार्थना म्हणावी तसा गंभीर होऊन हुंगायचा आणि म्हणायचा, "चालेल." किंवा, "मांजराला दे." बाकी सगळं ती डोळ्यांनी आणि बोटांनी करू लागली. माशाचा डोळा, कल्ल्यांचा रंग, बोट दाबलं की खळगा राहतो की भरून येतो. शिंपला टिचकी मारली की मिटतो की तसाच आ वासून बसतो. खेकडे सोलण्यात सव्वीस वर्षं घालवलेली बोटं ती, लवकर शिकली. दोन उन्हाळे असे निघाले. चौदा माणसं बोटं चाटत जेवली आणि कुणाला पत्ता लागला नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात मामाने घात केला. घात तरी कसा म्हणायचा, प्रेमानेच केला. रविवारचं जेवण, अंगणात द्राक्षवेलीखाली लांब टेबल, पांढऱ्या वाइनच्या दोन बाटल्या रिकाम्या. रिगोने ताटली पुसली आणि म्हणाला, "काही म्हणा, आमच्या ताईसारखं नाक अख्ख्या किनाऱ्यावर नाही."

मामा छाती फुगवून म्हणाला, "ते नाक माझं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, हिचं तर केव्हाच गेलंय. अडीच वर्षं झाली, मीच हुंगून देतोय सगळं. विचारा तिला."

मामाला उशिराने आपली चूक कळली आणि तो पेल्यात बघू लागला. एर्मिंदाच्या हातात रश्श्याचं पातेलं होतं, ते तिने खाली ठेवलं.

पहिलं हसू फुटलं ते एदेल्मिराला. हळूहळू, आतून वर येत गेल्यासारखं. "लहानपणापासून ऐकत आले, नकटं व्हावं पण धाकटं होऊ नये," ती म्हणाली. "आज कळलं, धाकटं परवडलं."

"तरीच म्हटलं," रिगो म्हणाला, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं का आली."

पोरं खदखदली. त्या दिवसापासून घरात तिचं नाव नकटी पडलं. आधी पाठीमागे, मग तोंडावर. पोरंसुद्धा "नकटी आत्या, नकटी मावशी" करू लागली आणि कुणी त्यांना दटावलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खेळ काढला. एर्मिंदाला खुर्चीत बसवलं आणि डोळ्यांवर ताटं पुसायचं फडकं बांधलं. तिने नको म्हटलं असतं तर रागावली म्हणाले असते, म्हणून ती बसली. नाकाशी एकेक वस्तू धरायची आणि तिने ओळखायची. कोथिंबीर झाली, पोरांचे मोजे झाले, माशाची आतडी झाली. ती प्रत्येक वेळी "माहीत नाही" म्हणे आणि हशा पिके. मग एदेल्मिरा म्हणाली, "नाक राहू दे. जीभ तरी आहे ना? आ कर."

चमच्यात काहीतरी मऊ होतं, खारट. बोटांनी चाचपता आलं असतं तर कळलं असतं. एर्मिंदा चावून म्हणाली, "मासा. डब्यातला. बरोबर बटाटा आहे का?"

कुणीतरी खुर्चीवरून खाली पडल्याचा आवाज आला. फडकं सोडलं तेव्हा समोर उघडा डबा होता आणि डब्यावर मांजराचं चित्र. सगळे लोळत होते. रिगो पोट धरून भिंतीला टेकला होता. आणि टेबलाच्या टोकाला नेमेसियो मामा, डोळे पुसत पुसत हसत होता. मुद्दाम नव्हे, हसू आवरतच नव्हतं त्याला.

तोंडातला घास तोंडातच होता. एदेल्मिरा वाकून तिच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चाव, ताई. आवाज येऊ दे."

एर्मिंदाने घास गिळला. थुंकली असती तर आणखी हसले असते.

मामा दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा आला. तिने त्याच्यापुढे ताटली धरली नाही. "आता गरज नाही मामा," म्हणाली, "आता घरात नाकं पुष्कळ झालीत." तो काठी टेकत परत गेला. पुढे बोलणं-चालणं राहिलं, जाणं-येणं राहिलं, पण सकाळचं हुंगणं संपलं ते संपलंच.

पुढच्या फेब्रुवारीत एदेल्मिरा गाडीतून उतरली ती स्वतःचं एप्रन घेऊन. "ताई, खूप केलंस. आता तू बस," असं गोड बोलत तिने एर्मिंदाच्या हातातली सुरी काढून घेतली. चाळीस वर्षांची चूल एका वाक्यात गेली. एर्मिंदाला कोपऱ्यातल्या स्टुलावर बटाटे सोलायला बसवलं. मीठ कुठे आहे, मोठं झाकण कुठे आहे, एवढं विचारण्यापुरती तिची आठवण व्हायची. मारिलूससुद्धा आता स्वयंपाकघरात यायची, पातेलं ढवळायची आणि तिरक्या नजरेने स्टुलाकडे बघायची.

त्या फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. ऊन असं की वेलीखालीही घाम सुटत होता. रिगो सकाळी तोमे गावाकडे गेला आणि रस्त्यावर एका टेम्पोवाल्याकडून गोणीभर काळे शिंपले घेऊन निघाला. वाटेत दोस्त भेटला, बिअर झाली, गप्पा झाल्या. गोणी गाडीच्या डिकीत, गाडी उन्हात. घरी पोचायला दोन वाजले.

गोणी मोरीत ओतली तेव्हा एर्मिंदा स्टुलावरून उठली. तिने ढिगात हात घातला. आतून ढीग कोमट होता, नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखा. तिने एक उघडा शिंपला उचलून टिचकी मारली. मिटला नाही. दुसरा, तिसरा, दहावा. दहात एखादाच मिटत होता, तोही आळसाने.

"हे टाकून द्या," ती म्हणाली.

एदेल्मिराने एक शिंपला नाकाशी नेला. ती दिवसाला पाकीटभर सिगारेट ओढायची. "समुद्राचा वास येतोय. शिंपल्यांना समुद्राचा नाही तर कशाचा येणार?"

"वासाचं नाही म्हणत मी. हात लावून बघ. मेलेत सगळे."

"ताई, तुला मांजराचं खाणं कळलं नाही गेल्या वर्षी."

रिगो मोरीच्या दारात उभा होता. "अर्धा दिवस उन्हात घालवून आणलेत मी," तो म्हणाला. "आणि आता नकटी सांगणार काय टाकायचं ते."

मारिलूस हसली. एदेल्मिराने अगदी सताड उघडलेले मूठभर शिंपले वेचून बादलीत टाकले, "झालं समाधान?" म्हणाली आणि बाकीचे धुवायला घेतले.

एर्मिंदा परत स्टुलावर बसली. एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगायला तिची जीभ उचलेना. पूर्वीची एर्मिंदा असती तर तिने अख्खा ढीग उचलून कड्यावरून खाली फेकला असता आणि वर दोघांच्या कानाखाली काढली असती. आता ती बटाटा सोलत राहिली. सालीचं एक लांब वेटोळं तिच्या मांडीवर पडत होतं.

एदेल्मिराने भरपूर लसूण घातला, वाइन ओतली, लाल मिरचीची पूड घातली आणि कवचं उघडताच पातेलं उतरवलं. "चार मिनिटं. रबर करायचं नाही मला," ती म्हणाली.

टेबलावर मोठ्या परातीत शिंपले आले. वर कोथिंबीर, भोवती लिंबं. पोरं तुटून पडली. मामा एर्मिंदाच्या शेजारी बसला होता. म्हातारा तसा आधाशी, पण त्या दिवशी त्याने लगेच हात घातला नाही. स्वयंपाकघरातलं बोलणं त्याने थोडंफार ऐकलं असावं. तो तिच्याकडे झुकला आणि हळूच म्हणाला, "पोरी, खाऊ ना?"

एर्मिंदाने त्याच्याकडे पाहिलं. सुरकुत्यांत बसलेले ते लहान डोळे, वर्षापूर्वी हसून हसून ओले झालेले. शिंपल्यांना कधी हात न लावणारी उबेर्लिंदा मामी पलीकडे पाव कापत होती. "नको" एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द.

"मला काय विचारतोस, मामा," ती म्हणाली. "नाकवाल्यांना विचार."

मामा खुदकन हसला. त्याला वाटलं, भाची पुन्हा थट्टा करण्याइतकी मोकळी झाली. "खरंय, खरंय," म्हणत त्याने लिंबू पिळलं.

त्याने अकरा शिंपले खाल्ले. एर्मिंदा पाव आणि टोमॅटो खात होती आणि त्याच्या ताटलीतली कवचं बघत होती. तिच्या मनात होतं ते इतकंच, की एक दिवस पोट धरून बसेल, कळेल. सगळ्यांनाच कळेल. उद्या सगळे आडवे होतील आणि मी एकटी उभी असेन. जेवणभर तिला त्या विचाराची गोडी लागली होती. कितीतरी महिन्यांत काही गोड लागलं नव्हतं.

ऊन कलायच्या आतच पहिलं पोर ओकलं. मग दुसरं, मग रिगो, मग एदेल्मिरा. संध्याकाळपर्यंत घरातली दोन्ही न्हाणीघरं आणि मागचं अंगण भरून गेलं. एर्मिंदा बादल्या धरत होती, कपडे बदलत होती, पाणी पाजत होती. आधी वाटलं तशी मजा काही आली नाही. मग मामी धावत उतारावरून आली आणि म्हणाली, "हे उठत नाहीत."

दवाखान्यात सगळ्यांना ओळीने खाटा मिळाल्या. एक बाई वही घेऊन आली. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, असं विचारत ती रिगोच्या खाटेशी थांबली.

"स्वयंपाक कुणी केला?"

रिगोला बोलायला त्रास होत होता, पण हे वाक्य त्याच्या तोंडून अगदी सुरळीत आलं. "मोठ्या बहिणीने. तिला वास येत नाही, बिचारीला. आम्ही सांगत होतो, आता नको करत जाऊस."

एर्मिंदा दोन पावलांवर पितळी धरून उभी होती. पलीकडच्या खाटेवर एदेल्मिराच्या हाताला सलाइन लावलेलं होतं. तिने बहिणीकडे पाहिलं, अगदी सरळ, आणि मग भिंतीकडे तोंड केलं. वहीवाल्या बाईने एर्मिंदाकडे बघून मान हलवली, कीव आल्यासारखी, आणि लिहून घेतलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तिसऱ्या खाटेवर मामा होता आणि तोही तिच्याकडे बघत होता. एर्मिंदाला वाटलं, आपण तोंड उघडलं तर सगळंच बाहेर पडेल, चुलीपाशी काय बोललो ते आणि टेबलापाशी काय बोललो तेही. ती पितळी धुवायला घेऊन गेली.

पोरं दुसऱ्या दिवशी खेळायला लागली. रिगो आणि एदेल्मिरा तिसऱ्या दिवशी घरी आले. मामाची मूत्रपिंडं आधीच थकलेली होती, त्यांनी हात टेकले. गुरुवारी सकाळी तो गेला.

दफनाला सगळा गाव होता. बायका एर्मिंदाला आलिंगन द्यायला यायच्या त्या जरा लांबूनच, हाताच्या अंतरावरून. शनिवारी गाड्या भरल्या. निघताना रिगोने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला खरंच भरून आलं होतं.

"ताई, मनाला लावून घेऊ नकोस. मुद्दाम कोण करतं का असं? आमच्या मनात काही नाही. आम्ही तुला माफ केलंय."

एदेल्मिरा गाडीत बसून आरशात बघत ओठ रंगवत होती. एर्मिंदा काच ठोठावून म्हणाली, "तू केले होतेस ते."

एदेल्मिराने काच चार बोटं खाली घेतली. "कुणाला सांगणार आहेस, ताई? आणि कोण ऐकणार आहे?" मग आवाज न चढवता, "चूल तुझी, घर तुझं. पातेलंसुद्धा तुझंच होतं." काच वर गेली.

गावात मग जे व्हायचं ते झालं. जूनच्या अखेरीला संत पेद्रोचा सण असतो, होड्या सजवतात आणि किनाऱ्यावर गावजेवणाचं मोठं पातेलं चढतं. तीस वर्षं त्या पातेल्याची चव एर्मिंदा बघायची. त्या वर्षी बायकांची प्रमुख ओर्फेलिना दारात आली आणि म्हणाली, "यंदा तू देवापुढची फुलं सांभाळ. दगदग नको तुला." फुलं सांभाळायला दुसरी एक मुलगी आधीच ठेवलेली होती. होडीवाल्याकडे मासा घ्यायला गेली, तर तो मऊ पडलेला काढून तिच्या पिशवीत टाकायचा. "तुला काय फरक पडतो," म्हणायचा, हसून. शाळेतली पोरं ती दिसली की नाक दाबून बाजूला व्हायची. ज्यांच्या आया तिच्याकडून मासा पारखून नेत, त्यांचीच पोरं.

हे सगळं तिने सोसलं असतं. खोट्या आरोपाला माणूस मनातल्या मनात उत्तर देऊ शकतो. तिचं उत्तर मात्र दर वेळी टेबलापाशी येऊन अडायचं. ऑगस्टात एका पावसाच्या दुपारी तिने डोक्यावरून शाल घेतली आणि तीन घरं चढून मामीकडे गेली.

उबेर्लिंदा मामी खिडकीशी बसून मटार सोलत होती. तिने खुर्चीकडे बोट केलं. एर्मिंदा बसली नाही.

"मामी, मला सांगायचंय तुम्हाला. ते शिंपले मी केले नव्हते."

"माहीत आहे मला," मामी म्हणाली. "मीही होते की तिथे. चुलीपाशी कोण उभं होतं ते दिसत होतं."

"मग तुम्ही बोलला का नाही कुणाला?"

मामीने एक शेंग उघडली, दाणे वाडग्यात पाडले, टरफल बाजूला टाकलं. "दवाखान्यात दुसऱ्या दिवशी यांना जरा हुशारी आली होती. मला म्हणाले, पोरीला विचारलं होतं मी, खाऊ का म्हणून. तर म्हणाली, नाकवाल्यांना विचार. आणि हसले. त्यांना फार आवडलं होतं ते, चांगली कोटी केली म्हणाले. शेवटपर्यंत त्यांना कळलं नाही. मला तिथल्या तिथे कळलं."

बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं.

"मी एकदा सांगितलं होतं," एर्मिंदा म्हणाली. "एदेल्मिराला, रिगोला. टाकून द्या म्हटलं होतं."

"त्यांना सांगितलंस. ज्यांनी तुझं ऐकायचं सोडून दिलं होतं त्यांना सांगितलंस. आणि ज्याने येऊन विचारलं त्याला नाही." मामीचा आवाज नेहमीचाच होता, मटारांबद्दल बोलावं तसा. "शिंपल्यांचं पाप त्यांचं, एर्मिंदा. ते सांतियागोला गेले, चियानला गेले. मी म्हातारी, तिथवर माझा हात पोचत नाही. तू जवळ आहेस."

"मामी, गाव मला विष घालणारी म्हणतं."

"म्हणू दे. तू बोललीस तर कुणी विश्वास ठेवणार नाही. मी बोलले तर लगेच ठेवतील, एका शब्दात मोकळी होशील तू. तो शब्द मी काही देणार नाही." तिने वाडगं हलवून दाणे सारखे केले. "यांनी तुझ्याकडे एकच शब्द मागितला होता."

एर्मिंदाने शाल सावरली. दाराशी गेल्यावर मामीने हाक मारली, तेव्हा तिला क्षणभर वाटलं, बोलावतेय. मामी म्हणाली, "दार नीट ओढून घे. ओल येते."

पुढच्या फेब्रुवारीत गाड्या पुन्हा आल्या. समुद्र होता, घर फुकट होतं, न यायला काय झालं. या वेळी त्यांनी डबे भरून आणले होते, थंड मांस, उकडलेली अंडी, दुकानातली कोशिंबीर. चूल पेटली ती चहापुरती. एर्मिंदाने सवयीने बटाटे सोलून ठेवले होते, ते काळे पडले.

रविवारी वेलीखाली टेबल लागलं. उबेर्लिंदा मामीला मानाने बोलावून मामाच्या खुर्चीत बसवलं. जेवता जेवता मामाचा विषय निघाला. एदेल्मिराने डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाली, "ताईला दोष नाही देत कुणी. वय झालं की होतं असं. पण मामा बिचारा."

"मुद्दाम थोडंच केलं तिने," रिगो म्हणाला.

सगळ्यांनी मामीकडे पाहिलं. मामीने घास चावून गिळला आणि शांतपणे मान हलवली. मग टेबलावरून एर्मिंदाकडे पाव सरकवला. "खा, पोरी," म्हणाली. "काही खाल्लं नाहीस तू."

एर्मिंदाने पावाचा तुकडा मोडला आणि खाल्ला. मीठ कळलं, बाकी काही नाही.